परिचर्या नीतिशास्त्र

परिचर्या नीतिशास्त्र ही उपयोजित नीतिशास्त्राची एक शाखा असून, रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका व परिचारक यांनी काय करणे योग्य, काय अयोग्य आणि ते कोणत्या कारणाने, याचा विचार तीत केला जातो. वैद्यकीय नीतिशास्त्राशी तिचे निकटचे नाते आहे. तथापि तिला त्याची पोटशाखा मानण्याची पद्धत आता मागे पडली आहे. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतात, परिचारिका पाळीभर असते. रुग्ण रात्री घाबरून जागा झाला, त्याने औषध नाकारले किंवा घरच्यांपासून लपवलेली एखादी गोष्ट बोलून दाखवली, तर ते प्रथम तिला कळते. डॉक्टरांची लेखी सूचना, रुग्णालयाचे नियम, नातेवाइकांचा आग्रह आणि रुग्णाची इच्छा या चारही गोष्टी तिला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्या परस्परविरोधी झाल्या असता तिची पहिली बांधिलकी कोणाशी, हा या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत बदलत आले आहे.

प्रस्तुत लेखात ‘परिचारिका’ हा शब्द या व्यवसायातील स्त्रीपुरुष दोघांनाही उद्देशून वापरला आहे.

संज्ञांचा अर्थ

नैतिकता आणि नीतिशास्त्र हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, परंतु त्यांत भेद आहे. घर, धर्म, जात, गाव यांच्या संस्कारातून माणसाच्या मनात चांगल्यावाईटाच्या ज्या धारणा तयार होतात, ती त्याची नैतिकता. त्या धारणा कारणांच्या आधारे तपासून पाहणे, त्यांत विरोध आला तर कोणत्या तत्त्वाला अग्रक्रम द्यावा हे ठरवणे आणि तो निर्णय दुसऱ्याला समजावून सांगता येईल अशा रीतीने मांडणे, हे नीतिशास्त्राचे काम. मद्यपानाविषयी तिटकारा असणे हा एखाद्या परिचारिकेच्या नैतिकतेचा भाग असू शकतो. मद्यपानाने यकृत निकामी झालेल्या रुग्णाची शुश्रूषा इतरांइतक्याच आस्थेने का केली पाहिजे, याचे उत्तर मात्र तिला व्यवसायाच्या नीतीतून मिळते.

कायदा या दोहोंहून वेगळा आहे. तो किमान मर्यादा घालून देतो. रुग्णाशी तुसडेपणाने बोलणे हा बहुधा गुन्हा ठरत नाही, पण नीतीच्या दृष्टीने तो दोषच होय. याउलट, एखादी गोष्ट कायद्याने मान्य असूनही एखाद्या परिचारिकेच्या सदसद्विवेकबुद्धीला ती पटत नाही, असेही घडते. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात अशा प्रसंगी सहभाग नाकारण्याची मुभा आहे. ती कोठपर्यंत पोचते, हा प्रश्न ग्लासगो येथील दोन सुईणींच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ही मुभा प्रत्यक्ष उपचारात हात घालण्यापुरती आहे. देखरेख करणे, कामाच्या पाळ्या लावणे अशा कामांना ती लागू होत नाही, असा निर्णय २०१४ मध्ये देण्यात आला.

‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो बनला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा असून त्यावरून आज्ञापालन आणि पुढे सेवा असे अर्थ आले. (मराठीत तो ‘सुश्रुषा’ असा चुकीचा लिहिलेला वारंवार आढळतो; त्यामुळे हा मूळ अर्थ झाकला जातो.) आज्ञा ऐकणे आणि गाऱ्हाणे ऐकणे असे दोन्ही भाव या एका शब्दात सामावले आहेत. परिचर्येच्या नीतीचा इतिहास बऱ्याच अंशी यांपैकी पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे झालेल्या वाटचालीचा इतिहास आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे. यांत ज्ञानाचा उल्लेख प्रथम येतो, हे विशेष. सेवेला केवळ भावनेचे भांडवल पुरत नाही, याची जाणीव त्या काळीही होती असे दिसते.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी घातला. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली त्या स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा अस्वच्छतेतून पसरणाऱ्या रोगांनी अधिक सैनिक मरत होते. रुग्णालयाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, हा त्यांचा आग्रह या अनुभवातून आला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा सुरू झाली. नाइटिंगेल यांची शिस्त कडक होती. परंतु आज्ञाधारकपणा एवढाच परिचारिकेचा गुण मानणाऱ्यांची त्यांनी आपल्या लेखनात खिल्ली उडवली आहे. निरीक्षण करणे आणि ते नेमके नोंदवणे ही त्यांच्या मते परिचारिकेची पहिली जबाबदारी होती.

‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ या नावाने ओळखली जाणारी शपथ मात्र त्यांची नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील फॅरंड प्रशिक्षणशाळेच्या लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती १८९३ मध्ये तयार केली. भारतातील परिचर्या महाविद्यालयांत दीपप्रज्वलनाच्या समारंभात ती किंवा तिची रूपांतरे अद्याप म्हटली जातात. मूळ प्रतिज्ञेत डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. १९०० साली प्रसिद्ध झालेला इझाबेल हॅम्टन रॉब यांचा या विषयावरील ग्रंथ आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय. त्या काळात परिचारिकेचे चारित्र्य, वर्तन आणि वरिष्ठांशी असलेली निष्ठा म्हणजेच परिचर्येची नीती, अशी सर्वसाधारण समजूत होती.

महाराष्ट्रात या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळण्यास वेळ लागला. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र उचलणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी उच्चवर्णीय समाजाला अमान्य होत्या. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठवण्यास सुरुवात केली. त्यांत विधवा स्त्रियाही होत्या. त्यापूर्वी १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या व्यवसायाने परिचारिका नव्हत्या. तरी साथीच्या काळात स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचे कर्तव्य कोठपर्यंत असते, या चर्चेत त्यांचे उदाहरण दिले जाते.

आज्ञा आणि विवेक

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने (स्थापना १८९९) आपली पहिली नीतिसंहिता १९५३ मध्ये ब्राझीलमधील साव पावलो येथे स्वीकारली. डॉक्टरांच्या सूचना समजून-उमजून व निष्ठेने पार पाडणे हे तीत परिचारिकेचे कर्तव्य म्हणून नोंदले होते. अनैतिक कृतीत सहभागी होण्यास नकार देण्याचीही अपेक्षा होती. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिणे सोपे, प्रत्यक्ष वॉर्डात एकत्र पाळणे कठीण. १९७३ च्या सुधारित संहितेत भाषा बदलली : परिचारिकेची प्राथमिक जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रती आहे, असे तीत म्हटले गेले. मधल्या वीस वर्षांत असे काय घडले होते, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीत मनोरुग्ण व अपंग व्यक्तींची पद्धतशीर हत्या करण्यात आली. अनेक ठिकाणी विषारी मात्रा देण्याचे काम परिचारिकांच्या हातून झाले. मेझेरित्झ-ओब्रावाल्डे येथील रुग्णालयातील चौदा परिचारिकांवर १९६५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात खटला चालला. वरिष्ठांची आज्ञा पाळली, हे त्यांच्या बचावातील एक मुख्य सूत्र होते. त्या निर्दोष सुटल्या.

१९६६ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफ्लिंग व सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयात कामावर असलेल्या परिचारिकेला एक अपरिचित ‘डॉक्टर’ दूरध्वनी करून एका रुग्णाला २० मिलिग्रॅम औषध ताबडतोब देण्यास सांगत असे. बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी छापलेली होती. दूरध्वनीवरून औषधाची सूचना घेणे नियमाविरुद्ध होते. औषध मंजूर यादीत नव्हते. तरीही बावीसपैकी एकवीस परिचारिका औषध देण्यास निघाल्या. (त्यांना वाटेतच थांबवण्यात आले, औषधही निरुपद्रवी होते.) या प्रयोगाचा उल्लेख परिचारिकांच्या आंधळ्या आज्ञापालनाचा पुरावा म्हणून नेहमी होतो, परंतु त्यावरून सर्व दोष त्यांच्या स्वभावाला देणे न्याय्य नाही. १९७७ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात औषध परिचयाचे होते आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची मोकळीक होती. तेव्हा अठरापैकी दोघीच ते देण्यास तयार झाल्या. ज्ञान आणि विचारायला जवळ कोणीतरी असणे या दोन गोष्टींनी एवढा फरक पडतो.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९३२ पासून तेथील सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचे, उपचार न करता, केवळ निरीक्षण चालवले होते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. या पुरुषांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवणारी व्यक्ती म्हणजे युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीय परिचारिका. ती त्यांना गाडीतून तपासणीला नेई, त्यांची विचारपूस करी, त्यांच्या घरच्या सुखदुःखांत सहभागी होई. त्यांचा तिच्यावर विश्वास होता आणि त्या विश्वासावरच ते संशोधन चाळीस वर्षे टिकले. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून ते उघडकीस आले. रिव्हर्स यांना खलनायिका ठरवणाऱ्यांना त्यांची स्थिती कळलेली नाही. वंशभेदाच्या त्या काळात, गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्या त्या स्त्रीला नाही म्हणण्यास किती वाव होता, हे पाहावे लागेल. मात्र माया असली की फसवणूक होत नाही, ही समजूत या प्रकरणाने खोटी ठरवली.

आज बहुतेक देशांच्या संहितांनुसार चुकीच्या वाटणाऱ्या सूचनेविषयी विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. खात्री होईपर्यंत ती अमलात न आणणे, समाधान न झाल्यास वरिष्ठांकडे जाणे आणि हे सर्व केसपेपरवर वेळेसह नोंदवणे, असा क्रम सांगितला जातो. आक्षेप नोंदवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही, याची हमी मात्र कोठेच पुरती नाही. टेक्सास राज्यातील विंकलर परगण्यात २००९ मध्ये दोन परिचारिकांनी एका डॉक्टराच्या उपचारपद्धतीविषयी राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार केली. परिणामी त्यांच्यावरच फौजदारी खटला भरण्यात आला. एकीवरील आरोप खटल्यापूर्वी मागे घेण्यात आले. दुसरीची २०१० मध्ये ज्युरीने निर्दोष मुक्तता केली.

मूलभूत तत्त्वे

टॉम बोशँप आणि जेम्स चिल्ड्रेस यांच्या १९७९ मधील ग्रंथाने चार तत्त्वांची मांडणी रूढ केली : स्वायत्तता, अपाय न करणे, हित साधणे आणि न्याय. परिचर्येच्या अभ्यासक्रमांत त्यांना सत्यकथन, गोपनीयता आणि वचननिष्ठा यांची जोड दिली जाते. ही तत्त्वे उत्तरे देत नाहीत. प्रश्न कोठे आहे ते दाखवतात.

स्वायत्तता म्हणजे आपल्या देहाविषयी निर्णय घेण्याचा सज्ञान रुग्णाचा अधिकार. तिचे व्यवहारातील रूप म्हणजे माहितीपूर्ण संमती. भारतात या संदर्भात समीरा कोहली खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल महत्त्वाचा आहे. या रुग्ण महिलेने दुर्बिणीद्वारे तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. रुग्ण सज्ञान असून शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकत होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे संमतिपत्रावर ‘घरातील मोठ्या माणसाची’ सही घेण्याची जी सवय आहे, तिला हा निकाल छेद देतो. शस्त्रक्रियेची माहिती देणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु सही घेताना परिचारिका जवळ असते आणि रुग्णाला काहीच उमगलेले नाही, किंवा तो कोणाच्या तरी धाकाने सही करीत आहे, हे तिच्या लक्षात येऊ शकते. अशा वेळी कागद बाजूला ठेवून डॉक्टरांना पुन्हा बोलावणे हे तिचे कर्तव्य होय.

अपाय न करणे या तत्त्वाचा रोजचा आविष्कार औषधे देण्याच्या पद्धतीत दिसतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळण्याची शिकवण प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्याच वर्षी मिळते. तरी चुका होतात. चूक झाल्यावर ती ताबडतोब सांगणे रुग्णाच्या हिताचे असते, परंतु शिक्षेच्या भीतीने ती दडवण्याकडे कल होतो. टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका परिचारिकेकडून शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले गेले आणि रुग्ण दगावला. तिने चूक स्वतः कळवली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दोषी धरून तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा दिली. अशा शिक्षांमुळे पुढे कोणी चूक कबूल करणार नाही, अशी भीती त्या वेळी अनेक परिचारिका संघटनांनी व्यक्त केली. दुसरीकडे, मृताच्या कुटुंबीयांना उत्तरदायित्व मागण्याचा हक्क आहेच. हा पेच सुटलेला नाही.

रुग्णाचे हात बांधून ठेवणे हाही याच तत्त्वाखाली येणारा विषय आहे. भ्रमात असलेला वृद्ध रुग्ण नळ्या ओढून काढतो, वॉर्डात हात कमी असतात, आणि पट्टी बांधणे हा सोपा उपाय वाटतो. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रापुरता तरी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याला स्पष्ट मर्यादा घातली आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि आवश्यक तेवढाच काळ रुग्णाला जखडता येते; शिक्षा म्हणून कधीही नाही.

हित साधण्याचे तत्त्व स्वायत्ततेशी वारंवार टक्कर घेते. मधुमेही रुग्ण इन्सुलिन नाकारतो, बाळंतीण घरच्या रूढीमुळे पाणी पीत नाही, अशा वेळी समजावणे कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, याची रेषा प्रत्येक प्रसंगी नव्याने आखावी लागते.

सत्यकथनाचा प्रश्न भारतीय कुटुंबात विशेष तीव्र होतो. कर्करोगाचे निदान झाले की ‘पेशंटला सांगू नका’ अशी विनंती नातेवाईक करतात. हेतू प्रेमाचा असतो. पण रात्री सर्व निजानीज झाल्यावर रुग्ण विचारतो, ‘सिस्टर, मला नक्की काय झालंय?’ निदान सांगण्याचा अधिकार सामान्यतः परिचारिकेचा नसतो आणि खोटे बोलण्याचा तर तिला अधिकार नाहीच. अनुभवी परिचारिका अशा वेळी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यायचे आहे हे विचारतात, त्याचे म्हणणे ऐकून घेतात, आणि सकाळी ते डॉक्टरांच्या व कुटुंबाच्या कानावर घालतात. बऱ्याचदा रुग्णाला सर्व कळलेले असते आणि तोच नातेवाइकांची समजूत जपत असतो.

गोपनीयतेविषयी नियम स्पष्ट आहेत, परिस्थिती मात्र प्रतिकूल आहे. एका खाटेपासून दुसरी हातभर अंतरावर असलेल्या जनरल वॉर्डात रुग्णाचा इतिहास विचारला की तो शेजारच्या तिघांना ऐकू जातो. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या खाटेवर किंवा केसपेपरच्या दर्शनी भागावर खूण करण्याची प्रथा एके काळी सर्रास होती. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार संबंधित व्यक्तीच्या संमतीविना तिची एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. कायद्यातील अपवाद मोजके आहेत. मोबाइलवर वॉर्डातील छायाचित्रे काढून ती गटांत पाठवणे हा गोपनीयताभंगाचा अलीकडचा प्रकार आहे.

न्याय म्हणजे उपलब्ध वेळ, खाटा व साधने यांचे गरजेनुसार वाटप. रुग्णाची जात, धर्म, पैसा वा ओळख यांवरून शुश्रूषेत फरक होऊ नये, हे सर्वमान्य आहे. अधिक अवघड प्रश्न वेळेचा असतो : पाळीत एकच परिचारिका असताना ती कोणाकडे आधी जाणार?

काळजीचे नीतिशास्त्र

चार तत्त्वांची मांडणी परिचर्येच्या अनुभवाला अपुरी पडते, अशी टीका १९८० नंतर पुढे आली. कॅरोल गिलिगन (१९८२) व नेल नॉडिंग्ज (१९८४) यांनी अमूर्त तत्त्वांऐवजी नात्याला व प्रतिसादाला केंद्रस्थानी ठेवणारे विवेचन केले. या दृष्टीने पाहता रुग्णाला स्पंज करताना पडदा ओढणे, त्याला क्रमांकाने नव्हे तर नावाने हाक मारणे या नीतीच्याच कृती ठरतात. या विचारावरील आक्षेपही लक्षात घेण्याजोगा आहे. काळजी हा स्त्रीचा उपजत गुण मानला की तिच्या श्रमाला वेगळे मोल देण्याची गरज वाटेनाशी होते. ‘सेवा’ या शब्दाचा परिचारिकांच्या वेतनाविरुद्ध किती वेळा उपयोग झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अरुणा शानभाग प्रकरण

परिचर्येच्या नीतीविषयीचे बहुतेक सर्व प्रश्न एकत्र येणारे भारतातील उदाहरण म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोराला हल्ला व चोरीच्या आरोपांखाली सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतील परिचारिकांनी त्या वेळी संप करून कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेची मागणी केली. परिचारिकेचे रुग्णाप्रती कर्तव्य असते तसे संस्थेचे परिचारिकेप्रती असते, ही बाब त्या संपाने पुढे आणली.

पुढील एक्केचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी अरुणा यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना चालताबोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, तरी क्रम चालू राहिला. त्यांना अन्यत्र हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्न परिचारिकांनी हाणून पाडला. अंथरुणाला इतकी वर्षे खिळलेल्या व्यक्तीच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, ही गोष्ट न्यायालयीन कामकाजातही नोंदली गेली. दर काही तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, हे किती चिकाटीचे काम आहे हे जाणणाऱ्यालाच या नोंदीचे वजन कळेल.

पत्रकार व लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : अशा अवस्थेत जिवंत ठेवणे हे त्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाही, म्हणून त्यांना अन्न देणे थांबवावे. परिचारिकांनी याला विरोध केला. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली; मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने विशिष्ट परिस्थितीत निष्क्रिय दयामरणास मान्यता दिली. अरुणा यांचा ‘वादमित्र’, म्हणजे त्यांच्या वतीने बोलण्यास पात्र असलेला पक्ष, विराणी नसून केईएमचे कर्मचारी आहेत, असेही न्यायालयाने ठरवले. रोजच्या शुश्रूषेतून निर्माण झालेल्या नात्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेली ही मान्यता होती.

निकालाने वाद मिटला नाही. परिचारिकांचे प्रेम निर्विवाद होते. परंतु अरुणा यांची स्वतःची इच्छा काय असती, हे त्या प्रेमावरून ठरवता येत नाही, असा युक्तिवाद केला गेला. याउलट, हालचालीतून व चेहऱ्यावरील भावांतून त्या प्रतिसाद देतात, असे परिचारिकांचे म्हणणे होते. प्रतिदिन जवळ असणाऱ्यांना जे दिसते ते तपासणीसाठी येणाऱ्यांना दिसत नाही, आणि जवळ असणाऱ्यांना आपल्या आशेचेही प्रतिबिंब दिसू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारांत नातेवाइकांबरोबर केईएमचे कर्मचारीही सहभागी होते. पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश यांना मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठीची कार्यपद्धती सुलभ केली. स्वतःची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा जो मार्ग अरुणा यांना उपलब्ध नव्हता, तो आता कायद्याने खुला आहे.

नैतिक क्लेश

योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही, अशा वेळी होणाऱ्या यातनेला अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले. नैतिक पेचात काय योग्य हेच कळत नसते. क्लेशात ते कळलेले असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. सार्वजनिक रुग्णालयांतील वॉर्डात, विशेषतः रात्रपाळीला, ही संख्या कशी गाठली जात नाही हे तेथे एक रात्र काढलेल्या कोणालाही माहीत असते. नळीतून दूध देणे, कूस बदलणे, घाबरलेल्याजवळ दोन मिनिटे बसणे यांपैकी शेवटची गोष्ट प्रथम गळते. तिची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नसल्याने ती गळाल्याचेही कळत नाही. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत संरक्षक पोशाखातील परिचारिकांना मरणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक दूर ठेवावे लागले. हे नियम लागू करणाऱ्यांना पुढे दीर्घकाळ झालेला त्रास हा नैतिक क्लेशाचाच प्रकार मानला जातो.

भारतातील नियमन

भारतातील परिचर्या शिक्षणाचे नियमन १९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे आले. महाराष्ट्रात नोंदणी व शिस्तविषयक अधिकार १९६६ च्या राज्य कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहेत. भारतीय परिषदेने २००६ मध्ये नीतिसंहिता व व्यावसायिक वर्तनाचे नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक व्यक्तीच्या वेगळेपणाचा आदर, शुश्रूषेत भागीदार म्हणून रुग्णाचे हक्क, गोपनीयता आणि स्वतःची कार्यक्षमता टिकवण्याची जबाबदारी यांचा तीत समावेश आहे. १९०८ मध्ये स्थापन झालेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी व्यावसायिक संघटना होय.

परिचारिकांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांविरुद्धच्या हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा केला. २०२० मध्ये केंद्राने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून साथीच्या काळातील अशा हल्ल्यांसाठी शिक्षा वाढवली. आंतरराष्ट्रीय परिषदेची संहिता २०२१ मध्ये पुन्हा सुधारण्यात आली. तिचे चार भाग परिचारिकेचे रुग्णाशी, कामाशी, व्यवसायाशी आणि जागतिक आरोग्याशी असलेले नाते मांडतात. भारतात २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत झाला. १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात व्यावसायिक नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.